सीडी १००: टायमिंग चेनच्या टेन्शनरचे काम

१९८५ साली बाजारात आलेल्या हीरो होंडा सीडी १०० च्या ९७.२ सीसी इंजिनाच्या डाव्या बाजूची कटकट टॅपेटचे (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचे) अंतर नीट बसवूनही थांबली नाही, आणि रेस सोडताना ती उलट वाढत होती. त्यामुळे टायमिंग चेनवरचा, म्हणजे क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) जोरावर व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवणाऱ्या साखळीवरचा, संशय पक्का झाला.

मॅग्नेट कव्हर काढून, पुलर लावून मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचे वीज तयार करणारे चाक) उतरवला आणि कॉइल प्लेट बाजूला केली. या इंजिनात खालून वर येणारा पुशरॉड स्प्रिंगच्या जोराने टेन्शनरच्या (चेन ताणून धरणाऱ्या यंत्रणेच्या) आर्मला रेटतो, आर्मवरचा रोलर चेनची सैल बाजू दाबून धरतो आणि पुशरॉडच्या बोअरमधले ऑइल त्याची थरथर मुरवते. खालचा बोल्ट सोडून स्प्रिंग व पुशरॉड बाहेर काढल्यावर खरे कारण समोर आले. पुशरॉडच्या टोकाचे रबर नखाचा ओरखडाही उमटणार नाही इतके कडक झाले होते आणि आर्म जिथे टेकतो तिथे त्यात स्पष्ट खाच पडली होती. रोलरवरही चेनने चर पाडले होते. स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी उभी केली, तर ती डोळ्यांना दिसण्याइतकी दबून आखूड झालेली होती.

अनेक ठिकाणी फक्त चेन बदलून गाडी परत देतात, हे मला मुळीच पटत नाही. चेन ‘वाढते’ ती पिना आणि बुश झिजल्यामुळे. टेन्शनर तिचा ढिलेपणा सावरतो, पण ओढणाऱ्या बाजूची वाढलेली लांबी त्याला भरून काढता येत नाही आणि व्हॉल्व्ह उशिरा उघडू लागतात. उलट, जुन्या कडक रबरावर नवी चेन चढवली, तर ती आवाज करणारच. म्हणून चेन, दोन्ही रोलर (आर्मवरचा आणि चेनला दिशा देणारा), पुशरॉडचे रबर आणि स्प्रिंग असे सगळेच एकदम बदलले.

जोडणीच्या वेळी मॅग्नेटवरची ‘टी’ खूण (पिस्टन सर्वांत वर असल्याची) क्रँककेसच्या खुणेसमोर आणि कॅम स्प्रॉकेटची गोल खूण सिलिंडर हेडवरच्या खाचेसमोर आणली. टेन्शनरचा दाब बसल्यावर चेन थोडी सरकते, म्हणून बोल्ट आवळून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवले आणि खुणा पुन्हा ताडून पाहिल्या. कॅमचा एक फेरा होण्यास क्रँकचे दोन लागत असल्याने एकाच फेऱ्यावर केलेली तपासणी अपुरी ठरते. खालच्या बोल्टला नवा वॉशर घातला, ऑइल बदलले आणि टॅपेट थंड इंजिनावर पुन्हा बसवले.

आता आयडलिंगला डावी बाजू शांत आहे. हेडमधून मात्र ऑइलचा बारीक पाझर दिसतो; पुढचे काम तिथल्या ओरिंगचे (गोल रबरी सीलचे).