चकतीचं वजन ४.१

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी क्वालिटी बघतो. कटरने टॉवेलची १०० चौरस सेंटिमीटरची गोल चकती कापायची, काट्यावर ठेवायची, ४.५ ग्रॅम भरली की माल ४५० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम. हिशेब सरळ. आमचे प्रॉडक्शनचे साहेब तेवढे सरळ नव्हते.

माल पसंत पडला की 'माझा माल', परत आला की 'तुमचा माल'. "मी असं बोललोच नव्हतो" हे ते इतक्या ठामपणे म्हणायचे की रात्री जेवताना मी बायकोला विचारायचो, मला विसरायला होतंय का गं? शेवटी समुपदेशन करणाऱ्या मावसबहिणीला गाठलं, विचारलं, साहेब नार्सिसिस्ट, म्हणजे स्वतःच्याच प्रेमात बुडालेले, आहेत का? ती म्हणाली, "निदान तू करू नकोस दादा. त्याची नऊपैकी किमान पाच लक्षणं बसावी लागतात, ते डॉक्टर ठरवतील. तू वाद घालू नको, लिहून ठेव." (शिवाय 'स्वमग्न' म्हणू नको, तो शब्द ऑटिझमसाठी वापरतात, असाही दम भरला.) तेव्हापासून प्रत्येक तोंडी हुकूम लॉट रजिस्टरात, तारीख-वेळ घालून, खाली साहेबांची सही.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, आठवड्यात खरेदीदाराचा इन्स्पेक्टर आला. पहिली चकती ४.१. दुसरी ४.१. तिसरी ४.०. लूमवरचे अण्णा माझ्याकडे बघायला लागले. सूत वाचवायला पाइलची, म्हणजे टॉवेलवरच्या उभ्या फाशांची, उंची कमी करा, हे साहेबांनीच सांगितलेलं.

साहेब माझ्यावर कडाडले, "काय करलालाय बे? कुणी सांगितलं तुला?"

घशाशी आलं होतं. पण चारचौघांत त्यांना खोटं पाडलं असतं तर पुढचे सहा महिने माझी खैर नव्हती. रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे सरकवलं, ओळीवर बोट ठेवलं. ६ जानेवारी, सकाळी ९.४०. सही करताना ते फोनवर होते, वाचलं नसावं.

"साहेब, लॉट बाजूला काढू का?" एवढंच विचारलं.

साहेबांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग इन्स्पेक्टरकडे वळून हसत म्हणाले, "बघा, आमच्याकडे सगळं लेखी असतं. ही सवय मीच लावली ह्याला."

अण्णांनी तोंडावर टॉवेल धरला. मी "हो साहेब" म्हणालो आणि चौथी चकती कापायला घेतली.