शाळेत नसलेला विषय

आज तासभर लेकीचा अभ्यास नुसता बघत बसले. ‘एपी फिजिक्स सी’, म्हणजे अमेरिकेत शाळेत असतानाच घेता येणारा कॉलेजच्या पातळीचा भौतिकशास्त्राचा विषय. तिच्या शाळेत हा विषय शिकवतच नाहीत, तरी मे महिन्यात पेपर द्यायचाच म्हणते. परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाची आडकाठी नाही. वर्गात न बसताही परीक्षा देता येते, फक्त बाहेरच्या मुलांना बसू देणारी शाळा आपण शोधायची. तेवढी फोनाफोनी माझ्या वाट्याला. (तिसऱ्या फोनला होकार मिळाला एकदाचा.)

मला वाटलं, सगळं क्रेडिटसाठी चाललंय, म्हणजे कॉलेजात तो विषय पुन्हा घ्यावा लागू नये म्हणून. ५ पैकी ३ मिळाले तरी बरीच कॉलेजं क्रेडिट देतात, काही मात्र ४ किंवा ५ शिवाय ऐकत नाहीत. फी वाचते, हा आमचा हिशोब. मैत्रिणीचा मुलगा तर सरळ म्हणाला, “मावशी, अर्जावर बरं दिसतं.” प्रामाणिक आहे पोरगा!

हिचं वेगळंच. काठीचा मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे ती फिरवायला किती जड जाते ते, इंटिग्रेशनने काढत होती. तीनदा खोडलं. मग एकदम उठली, फूटपट्टी टोकाला धरून फिरवली, मग मधोमध धरून. “आई, बघ, वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग, त्याचा टोकाला धरली की एक तृतीयांश, मध्ये धरली की एक द्वादशांश. हातालाच कळतंय!” मलाही फिरवायला लावली. खरंच, मधोमध धरली की हलकी फिरते.

“परीक्षा नसती तरी केलं असतंस का गं हे?”

“छे! तारीख लागतेच ना डोक्यावर.”

आणि पुढचं गणित उघडलं. फूटपट्टी अजून माझ्याच हातात.