बाग का तोडली?

लग्नात, दहाव्यात, सोसायटीच्या ओट्यावर, पुण्याच्या मेव्हण्याच्या फोनवर, सगळीकडे हाच प्रश्न. आणि त्याच्या पोटात दुसरा, न विचारलेला: कर्ज किती होतं? होतं कर्ज. निफाड तालुक्यात द्राक्ष करणाऱ्या कोणाला नाही? पण बाग त्यापायी तोडली नाही.

२६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट तुम्हाला ठाऊक आहे, ती उगाळत नाही. त्यानंतर भाऊबंदांतल्या एकाने बाग काढली, तेव्हा पारावर चारचौघांत मीच म्हणालो होतो, "एका गारपिटीत हातपाय गाळणाऱ्याने द्राक्ष करूच नये." हल्ली तो भेटला की काही बोलत नाही, चहा पाजतो. गारपिटीपुरतं ते वाक्य मला आजही खरंच वाटतं. गार दिसते, पंचनामा होतो, सावरलेल्या वेलीवर पुढचं साल निघतं.

२०२५ चा मे तसा नव्हता. एप्रिलात नवी काडी तयार करायची खरड छाटणी झाली की मेच्या उन्हात काडीवरच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड धरतो. बाहेरून दिसत नाही, पण पीक तिथेच ठरतं. त्या मेमध्ये आभाळ हटेना. एरवी १ जूनला केरळात येणारा मान्सून २४ मेला आला, २६ ला मुंबईत. उन्हाळा लवकर संपला म्हणून टीव्हीवर लोक खूश. माझ्या बागेत तर शेंडे असे पळत होते की दृष्ट काढावी. उन्हाशिवाय वेल नुसती पाल्यावर जाते हे वीस वर्षं माहीत असून मीही खूश होतो.

ऑक्टोबरात फळासाठीची गोडी छाटणी केली. पोंगे, म्हणजे नवे कोंब, निघाले. सोळाव्या-सतराव्या दिवशी सकाळी आबा आणि मी बागेत शिरलो. पहिल्या झाडावर चार घड. दुसऱ्यावर दोन, तेही गोळी होऊन आखडलेले. तिसऱ्यावर घडाच्या जागी नुसती बाळी, म्हणजे वळलेला तणावा. मेमध्ये न मिळालेल्या उन्हापायी घड जिरले होते. जिथे चाळीस-चाळीस मोजून जादाचे काढून टाकायचो, तिथे आबा पानं उलटी करून शोधत होते. मी म्हणालो, "पुढच्या ओळीत बघू." मग तिच्या पुढची. मोजणीची वही खिशात होती, ती काढलीच नाही. शेवटी आबा बांधावर बसले, तंबाखू मळत म्हणाले, "डावणीचं औषध आणलंय का?" आणलं होतं, उधारीवर. घड नसले तरी या बुरशीची फवारणी चुकत नाही, नाहीतर पुढच्या सालची काडीही जाते. "मग मार." मारल्या, तीन. चौथीच्या वेळी मी चेनसॉवाल्याला फोन केला. आबांना न विचारता. हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

विम्याचं विचारू नका. न पडलेल्या उन्हाचा पंचनामा कोण करणार?

मेव्हणा म्हणतो, बरं झालं, युरोपला द्राक्षं पाठवण्यापेक्षा देशाला धान्य पिकवा. त्याच दिवाळीत शेजाऱ्यांचा मका २४०० रुपयांच्या हमीभावाच्या कितीतरी खाली गेला, हे त्याला सांगितलं तर तो शेअर बाजारावर बोलायला लागला. मी गहू पेरला. पेठहून मजूर बायांच्या मुकादमाचा फोन आला, "भाऊ, थिनिंगला टोळी कधी आणू?" गव्हाला द्राक्षासारखे मणी विरळायचे नसतात, टोळी लागत नाही. त्या बायांच्या घरचा वर्षाचा किराणा आमच्या द्राक्षांतून निघायचा. म्हणजे द्राक्षातही कोणाचं तरी धान्यच होतं; पण मेव्हण्यासमोर हे वेळेवर सुचलं नाही.

बाग ठेवली असती तर? पुढचा मे कोरडा गेला तर मी मूर्ख ठरेन, आणि नाही गेला तरी शहाणा ठरणार नाही.

मांडवाचे अँगल काढून गोठ्यामागे रचलेत. भंगारवाला दोनदा येऊन गेला. भाव पटला नाही, असं त्याला सांगितलं. आबा तिथेच उभे होते, काही बोलले नाहीत.