शाळेत संगीत विषय घ्यायचा का?

विषय निवडायची वेळ आली की संगीताबद्दल दोनच गोष्टी कानावर येतात, एक म्हणजे सोपा आहे मार्क मिळतात आणि दुसरी म्हणजे ज्याचा गळा चांगला त्यानेच घ्यावा. मला दोन्ही पटत नाहीत. मी शाळेत संगीत घेतलं होतं, आवाज माझा साधाच, पण कान तयार झाला तो त्या वर्गात आणि ते आजपर्यंत पुरतंय.

थिअरीच्या वहीत काय असतं तर सात शुद्ध, चार कोमल, एक तीव्र असे १२ स्वर, संगीतशास्त्रकार भातखंड्यांचे १० थाट (म्हणजे रागांचे गट), आरोह-अवरोह (स्वरांची चढती-उतरती ओळ), वादी-संवादी (रागातला मुख्य स्वर आणि त्याच्या खालोखालचा), तालांचे ठेके म्हणजे ठरलेले बोल. सगळं पाठ होतं. पण भूप आणि देशकार हे दोन राग घ्या, दोन्हीत सा रे ग प ध हेच पाच स्वर, तरी भूप कल्याण थाटात आणि देशकार बिलावल थाटात! भूपाचा वादी गंधार म्हणजे ग, देशकारचा धैवत म्हणजे ध, एवढं लिहिलं की मार्क मिळतात, पण तेच स्वर एकदा गंधारावर थांबत आणि एकदा धैवतावर जोर देत गाऊन बघा, अख्खा रंग बदलतो आणि वादी म्हणजे काय ते तेव्हा कुठे डोक्यात शिरतं.

तालाचंही तेच. त्रितालाच्या १६ मात्रा, नवव्या मात्रेला खाली (तिथे टाळी न देता हात मोकळा सोडायचा), हे कुणीही लिहील. हातावर टाळी-खाली देत दुगुन म्हणायला लागलं की, म्हणजे एका मात्रेत दोन बोल बसवून पुन्हा बरोबर समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर यायचं, तिथे पाठांतर काही कामाचं नसतं.

आणि हो, विज्ञानातला ध्वनीचा धडा यातच आहे. तार अर्धी केली की वारंवारता दुप्पट, म्हणजे वरचा सा, आणि दोन तृतीयांश ठेवली की पंचम, म्हणजे प. तानपुरा समोर असताना हे फळ्यावरच का शिकवतात मला खरंच कळत नाही.

गळ्याचं म्हणाल तर गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते संगीत चार घराण्यांच्या बाहेर सगळ्यांपर्यंत जावं म्हणूनच ना, मग शाळेच्या वर्गात आपण पुन्हा गाणारे आणि न गाणारे अशी वाटणी कशाला करायची? प्रॅक्टिकलला परीक्षक स्वर गाऊन राग ओळखायला लावतात, तिथे लागतो तो कान, आणि कान ऐकून ऐकून कुणाचाही तयार होतो.

त्यामुळे कुणी विचारलं तर मी सांगते, घे, फक्त आधी एक दिवस त्या वर्गात जाऊन बस आणि थिअरीच्या तासाला पेटी उघडी असते का ते बघ. बंद असेल तर सरांना विनंती कर, आणि तरी नाही उघडली तर वहीतला प्रत्येक राग घरी मोबाईलवर तानपुरा लावून स्वतः गात जा, आवाज कसा का असेना.