कपाटाची किल्ली

आज नाटक ग्रुपच्या कपाटाची किल्ली एसवायच्या पोरांकडे दिली. तीन वर्षं ती माझ्या बॅगेत होती, लाल नाडीत बांधलेली, आणि संध्याकाळी घरी आल्यावर सवयीने कप्पा चाचपला तर रिकामा.

मी एफवायला आले तेव्हा ग्रुप जवळजवळ बंदच पडला होता, चार जण उरलेले, तालमीला वर्ग हवा म्हणून प्रत्येक वेळी अर्ज करायचा, सही मिळेपर्यंत आठवडा जायचा, मग पार्किंगमध्येच पुठ्ठ्याचे खोके लावून तालीम. पुरुषोत्तम करंडकला उतरायचं ठरवलं तेव्हा घरचेपण म्हणाले अभ्यास बघ आधी. १९६३ पासून पुण्यात चाललेली कॉलेजांची एकांकिका स्पर्धा आहे ती, आपल्या कॉलेजचं नाव त्यात नसावं हे मला खरंच लागायचं. पहिल्या वर्षी प्राथमिक फेरीतच बाहेर पडलो, पण भरत नाट्य मंदिराच्या विंगेत उभं राहून बाहेरून पोरांचा 'आवाज कुणाचा'चा गजर ऐकला ना, तेव्हाच कळलं की आता हे सोडायचं नाही.

आज ऑडिशनला वर्ग भरून पोरं आली. एक मुलगी म्हणाली, ताई मला स्टेजवर नको, लाइट्स शिकवाल का? मला इतकं भरून आलं! सगळे अॅक्टिंगलाच येतात हो, सेट उचलायला, प्रॉपर्टीची, म्हणजे नाटकातल्या सामानाची यादी करायला माणूस मिळत नाही आणि ग्रुप तिथेच मोडतात. तिचं नाव वहीत सगळ्यात आधी लिहिलं.

उद्या पाच वाजता तालीम आहे. मी जाणारे, फक्त बघायला.