आधी सीट, मग माइल्स

"ताई, माझ्याकडे सव्वा लाख माइल्स नुसते पडून आहेत. त्यांचं काय करू?"

गणपतीत आरती संपून प्रसादाची रांग लागली की हा प्रश्न येतो. मराठी शाळा सुटायची वाट बघत आम्ही पार्किंगमध्ये उभे असतो तेव्हा येतो. नागपूरहून माझा मावसभाऊ दर दोन महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर तेच विचारतो, फक्त त्याच्याकडे माइल्सऐवजी क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स असतात. गेली अकरा वर्षं मी न्यू जर्सीतून नागपूरला जा-ये करतेय, आईला इकडे आणतेय, आणि त्यातली निम्म्याहून जास्त तिकिटं माइल्सवर, म्हणजे प्रवासावर आणि कार्डाच्या खर्चावर विमान कंपनीच्या खात्यात जमणाऱ्या पॉइंट्सवर, काढली आहेत. म्हणून सगळे मला विचारतात. रांगेत उभ्या उभ्या पूर्ण उत्तर देता येत नाही. ते इथे देते.

मी आधी उलट विचारते: जायचं कुठे, कधी, आणि किती जण? बहुतेक वेळा "ते अजून ठरलं नाही" असं ऐकायला मिळतं. मग माझ्याकडेही उत्तर नसतं, कारण माइलला स्वतःचा असा भाव नाही. तोच माइल गिफ्ट कार्डावर घालवला तर जेमतेम अर्धा सेंट हाती लागतो आणि नीट बघून काढलेल्या तिकिटावर दोन सेंट. हिशोब पाकिटाच्या पाठीवर मावेल एवढाच आहे. रोख भाड्यातून अवॉर्ड तिकिटावर, म्हणजे माइल्सवर काढलेल्या तिकिटावर, भरायचा टॅक्स वजा करायचा आणि उरलेल्या रकमेला माइल्सने भागायचं. समजा ७६० डॉलरचं तिकीट ४०,००० माइल्स आणि ६० डॉलर टॅक्स एवढ्यात मिळतंय. ७०० भागिले ४०,०००, म्हणजे माइलमागे पावणेदोन सेंट. एका सेंटच्या खाली गेलं तर मी सरळ रोखीने तिकीट काढते. दीडच्या वर गेलं की माइल्स बाहेर काढते. मधे कुठेतरी आलं तर त्या महिन्यात खात्यात काय शिल्लक आहे ते बघते.

एवढा फरक का पडतो ते समजायला थोडं मागे जावं लागेल. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने अ‍ॅडव्हान्टेज नावाची योजना सुरू केली आणि त्याच महिन्यात युनायटेडने आपली आणली. मुळातला सौदा असा की जी सीट रिकामीच जाणार आहे ती नेहमीच्या गिऱ्हाइकाला द्यायची. विमान उडालं की रिकाम्या सीटचा कुणालाच उपयोग नसतो. आजही स्वस्त अवॉर्ड सीट म्हणजे कंपनीला जी विकली जाईलसं वाटत नाही ती सीट. नाताळच्या सुट्टीत न्यूअर्कहून मुंबईला जाणारी प्रत्येक सीट विकली जाते हे कंपनीला माहीत असतं. तुम्ही २० डिसेंबरला चौघांसाठी शोधता आणि एकही सापडत नाही, त्याचं कारण हे आहे.

पूर्वी या सीटचे दर तक्त्यावर छापलेले असत. डेल्टाने २०१५ मध्ये आपला तक्ता काढून टाकला, युनायटेडने २०१९ मध्ये. आता त्यांच्या स्वतःच्या विमानांवर रोख भाडं चढलं की माइल्सही चढतात, आणि तिथे शोधाशोध करून फारसं काही हाती लागत नाही. हाती लागतं ते भागीदार कंपन्यांच्या विमानांवर, म्हणजे आपले माइल्स चालतात अशा दुसऱ्या कंपन्यांच्या विमानांवर. काही योजनांत त्यांच्यासाठी तक्ता अजून शिल्लक आहे. भाडं कितीही वर जाऊ दे, सीट सापडली तर दर तक्त्यातलाच.

आमच्या घरचंच सांगते. अमेरिकन एअरलाइन्सच्या भागीदारांसाठीच्या तक्त्यात मध्यपूर्व आणि भारतीय उपखंड मिळून एकच विभाग आहे. मी हे लिहितेय तेव्हा अमेरिकेतून या विभागात एका बाजूचं इकॉनॉमी तिकीट ४०,००० माइल्सना आणि बिझनेस ७०,००० ना पडतं. येतानाही तेवढंच. कतार एअरवेज २०१३ पासून वनवर्ल्ड या गटात आहे, म्हणजे अमेरिकनची भागीदार, आणि तिची विमानं दोह्याहून मुंबईला जातात, गोव्याला जातात आणि नागपूरलाही. दर विभागाचा असल्यामुळे तुम्ही दोह्याला उतरा, मुंबईला उतरा किंवा नागपूरला, माइल्स तेवढेच लागतात. रोखीत मात्र नागपूरचं तिकीट मला जवळजवळ दरवेळी मुंबईपेक्षा महाग दिसलंय. विदर्भातल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

आई चौऱ्याहत्तरची आहे. दोन्ही गुडघे दुखरे, एकटी प्रवास करते. आधी ती नागपूरहून मुंबईला यायची, तिथे टर्मिनल बदलायची, रात्रभर बसायची, मग पुढचं विमान. प्रत्येक टप्प्यावर व्हीलचेअर येईल की नाही ही धाकधूक, तिला तिकडे आणि मला इकडे. तीन वर्षांपूर्वी मला मार्चमधल्या एका मंगळवारी नागपूर–दोहा–फिलाडेल्फिया अशी बिझनेसची एक सीट दिसली. ७०,००० माइल्स, एकाच तिकिटावर. बॅग नागपूरला दिली ती थेट फिलाडेल्फियाला घ्यायची.

फिलाडेल्फियाला ती बाहेर आली तेव्हा मी नेहमीप्रमाणे तिच्या पायांकडे पाहिलं. दरवेळी घोटे सुजून चपलेचा पट्टा रुतलेला असायचा. या वेळी नव्हता. गाडीत बसल्यावर म्हणाली, "अगं, लोअर बर्थ मिळावा तसं पाय लांब करून झोपले मी. आणि त्या पोरीने सीटचं दार लावून दिलं, म्हणजे कुणी बघायला नको." मग थोडं थांबून, "किती पैसे घातलेस?" टॅक्सचा आकडा सांगितला तरी तिचा विश्वास बसेना. घरी येऊन मी फोनवर पावती उघडून दाखवली.

आता या तिकिटाची किंमत किती धरायची? याबद्दल मला जरा आग्रहाने बोलायचंय, कारण माइल्सची गोडी लागलेले लोक इथेच स्वतःची फसगत करून घेतात. त्या दिवशी त्या सीटचं रोख भाडं जवळपास ४,००० डॉलर होतं. ८० डॉलर टॅक्स वजा केला की ३,९२० भागिले ७०,०००, म्हणजे माइलमागे ५.६ सेंट. आकडा छान दिसतो, पण खरा नाही. ४,००० डॉलर मी कधीच भरले नसते. आईच्या गुडघ्यांसाठी फार तर १,५०० भरले असते. मग हिशोब १,४२० भागिले ७०,०००, माइलमागे दोन सेंट. माझ्यासाठी त्या माइलचा भाव दोन सेंट होता, आणि तोही उत्तमच आहे. आपण खिशातून काढले असते तेवढेच पैसे वाचले असं धरायचं. चाळिशीतल्या धडधाकट माणसाने एकट्याच्या बिझनेस क्लासवर जाऊन-येऊन १,४०,००० माइल्स घालावेत आणि सुट्टीत बायकोमुलांची तिकिटं रोखीने काढावीत, हे मला पटत नाही. त्यातल्या ८०,००० मध्ये इकॉनॉमीची एका बाजूची दोन तिकिटं येतात.

सीट शोधायची कशी, हा पुढचा प्रश्न. अमेरिकनच्या साइटवर तारखा ३३१ दिवस आधी उघडतात. एक तर तेव्हा बघायचं, नाही तर निघायच्या आधीच्या दोन आठवड्यांत, न विकलेल्या सीट बाहेर पडतात तेव्हा. मधले महिने बहुतेक कोरडे जातात. एका वेळी एकाच माणसासाठी शोधा. चौघांसाठी शोधलं आणि तीनच सीट असल्या तर साइट काहीच नाही म्हणून सांगते. विमानतळ एकच धरून बसू नका. न्यू जर्सीतल्या एडिसनहून न्यूयॉर्कचं जेएफके विमानतळ गाठायला ट्रॅफिकमध्ये जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात फिलाडेल्फियाला पोहोचता येतं, आणि दोह्याचं विमान दोन्हीकडून सुटतं. जेएफकेला नसलेली सीट मला फिलाडेल्फियाला अनेकदा मिळाली आहे. मुंबईवाल्यांनी गोवाही बघावं.

सापडली की घेऊन टाका, तुमची सुट्टी मंजूर झालेली नसली तरी. अमेरिकन आणि युनायटेड दोघांकडेही अवॉर्ड तिकीट रद्द केलं तर माइल्स दंडाशिवाय खात्यात परत येतात. त्यामुळे मी आईचं तिकीट दहा-अकरा महिने आधी काढून ठेवते आणि तिची तब्येत, लग्नकार्यं, काय काय बघून पुढे तारीख बदलते. रोखीच्या स्वस्त तिकिटात एवढी मोकळीक मिळत नाही, आणि ही मोकळीक माइलमागच्या सेंटांत कुठेच दिसत नाही.

शीर्षकात जे लिहिलंय ते मी एका डिसेंबरात शिकले. एका कंपनीच्या साइटवर भागीदार विमानातल्या दोन सीट मला स्पष्ट दिसत होत्या. माझ्याकडे बँकेच्या कार्डाचे पॉइंट्स होते, त्या कंपनीचे माइल्स नव्हते. मी रात्री स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून ६०,००० पॉइंट्स तिकडे ट्रान्सफर केले, म्हणजे त्या कंपनीचे माइल्स करून घेतले. ते पोहोचायला दोन दिवस लागले. बुक करायला गेले तर पैसे भरायच्या पानावर एरर. पुन्हा पुन्हा तेच. फोन केला तेव्हा पलीकडच्या बाईंनी सांगितलं की त्या सीट साइटवर दिसत असल्या तरी मुळात नाहीतच. दिसणारी पण नसलेली सीट, हा प्रकार मला तेव्हा पहिल्यांदा कळला. ट्रान्सफर केलेले पॉइंट्स परत येत नाहीत. ते साठ हजार चौदा महिने तिथेच अडकून राहिले. बाबांचं वर्षश्राद्ध त्या जानेवारीत होतं आणि मी एकटीच रोखीच्या तिकिटावर गेले, मुलगी राहिली. आता मी ट्रान्सफरच्या आधी फोन करते, विमानाचा नंबर आणि तारीख देऊन सीट खरंच आहे का ते तपासून घेते, थोडा वेळ राखून ठेवता येईल का तेही विचारते. नाही म्हणाले तर ज्यांचे पॉइंट्स लगेच पोहोचतात अशाच योजनेकडे वळते.

माइल्स कमी दिसले म्हणून हुरळून जाऊ नका, खालची टॅक्सची ओळ वाचा. अमेरिकन सरकारची सुरक्षा फी एका बाजूला फक्त ५ डॉलर ६० सेंट आहे. बाकीची मोठी रक्कम बहुतेकदा टॅक्स नसतेच, कंपनीने लावलेला सरचार्ज असतो. अमेरिकनचेच माइल्स ब्रिटिश एअरवेजच्या लंडनमार्गे तिकिटावर वापरले की तो अंगावर येतो, कतारवर येत नाही. एअर कॅनडाच्या एरोप्लान या पॉइंट्सच्या योजनेने २०२० पासून असा सरचार्ज घेणं बंद केलंय. त्यांचे पॉइंट्स लुफ्तान्सा, स्विस, टर्किश अशा विमानांवर चालतात, आणि ५,००० पॉइंट्स जास्त दिले की वाटेत झ्युरिक किंवा इस्तंबूलला काही दिवस थांबता येतं. माझ्या मैत्रिणीने सासूसासऱ्यांना असंच चार दिवस इस्तंबूल दाखवलं.

मावसभावासाठी, आणि भारतात कार्ड वापरणाऱ्या सगळ्यांसाठी थोडक्यात. काही कार्डांवर एक पॉइंट एक रुपया धरून थेट विमानाचं तिकीट काढता येतं. तेवढा भाव मिळत असेल तर ट्रान्सफर त्याहून सरस ठरायला हवी. ठरत नसेल तर कशाला त्या वाटेला जायचं? करायचीच असेल तर सिंगापूर एअरलाइन्स आणि एअर फ्रान्स-केएलएम यांच्या दर महिन्याच्या सवलतीच्या याद्या आधी बघा. आणि लक्षात ठेवा, सिंगापूरचे माइल्स तीन वर्षांत संपतात. अमेरिकनचे खात्यात २४ महिने काही हालचाल नसली तर जातात. मिक्सर, ट्रॉली बॅग, व्हाउचर यांवर तर घालवूच नका.

साठवूनही ठेवू नका. माइल्सना व्याज नाही, उलट दर कधीही वाढतात. जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ ला थांबली तेव्हा कितीतरी जणांचे माइल्स खात्यात होते, पण ज्या सीटसाठी जमवले त्या सीटच राहिल्या नाहीत. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात मिसळली आणि तिचे पॉइंट्स दुसऱ्या योजनेत, दुसऱ्या नियमांखाली गेले. मी माझ्या खात्यात दोन जणांच्या एका फेरीपुरते माइल्स ठेवते. एक फेरी आईची आणि दुसरी, रात्री दोनला नागपूरहून फोन आलाच तर, माझी. निघायच्या आदल्या दिवशीचं रोख भाडं किती असतं हे ज्यांना भरावं लागलंय त्यांना ठाऊक आहे.

सव्वा लाखवाल्यांशी काल पुन्हा बोलणं झालं. त्यांच्या आईवडिलांना पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये आणायचंय, अकोल्याहून. मी म्हटलं, दोघांचं यायचं इकॉनॉमी ८०,००० मध्ये बसतंय, एकत्र मिळालं नाही तर वेगवेगळं शोधा, पण नागपूर–दोहा–फिलाडेल्फिया सोडू नका. रात्री त्यांनी स्क्रीनशॉट पाठवला: बुधवार, दोन सीट. मी लिहिलं, आत्ता घ्या, व्हीलचेअरचं उद्या फोन करून सांगू.