घाडगेंची समाधी बघितलीस का? तुम्ही विचारलंत म्हणून

गणपतीला घरी आलो की कोणीतरी विचारतंच. मी जहाजावर मोटरमन, आमचं घर श्रीवर्धनला, मुंबईला जाता-येता माणगावला एसटी थांबते आणि तहसील कचेरीसमोरचा यशवंत घाडगेंचा पुतळा लहानपणापासून बघतोय. मी इटलीला जाऊन आलो कळलं की प्रश्न ठरलेला, "मग त्यांची समाधी बघितलीस का रे?"

समाधी नाहीये. नाव आहे.

घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक होते. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर, म्हणजे हाताखालच्या छोट्या तुकडीवर, जर्मनांची मशीनगन सुरू झाली आणि सगळी माणसं एकतर मेली नाहीतर जखमी झाली, उभे राहिले एकटे हे. ग्रेनेड टाकून गन बंद पाडली, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं, आणि मग लपलेल्या शत्रूची गोळी लागून तिथेच पडले. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळालं ते मरणानंतर. देहाचा ठावठिकाणा लागला नाही, म्हणून नाव कॅसिनोच्या युद्धस्मारकावर. ज्या गावाशी त्यांच्या लढाईचा संबंध नाही, ते गाव रोमच्या दक्षिणेला आणि हे पडले पार उत्तरेला, पण इटलीतल्या मोहिमेत ज्यांची कबर माहीत नाही अशा चार हजारांवर लोकांची नावं तिथे आहेत.

पहिल्यांदा गेलो तेव्हा नाव सापडलंच नाही. बोट नेपल्सला, शोअर लीव्ह (किनाऱ्यावर उतरायची सुट्टी) थोडी, ट्रेनने कॅसिनोला उतरून चालत गेलो, बघतो तर समोर ४,२७१ जणांची दफनभूमी, पांढऱ्या दगडांच्या रांगाच रांगा, त्यातल्या २८९ कबरींवर नावच नाही. मी वेड्यासारखा एकेक दगड वाचत सुटलो. मध्येच एका दगडावर देवनागरीत 'ॐ भगवते नमः' दिसलं आणि मी मटकन खाली बसलो. इतके महिने बोटीवर राहून परक्या देशात आपली अक्षरं दगडात कोरलेली दिसली की काय होतं ते मला इथे लिहिता येत नाहीये. तोवर परतीच्या ट्रेनची वेळ झाली.

मान वर केली की डोंगर, त्यावर तो पांढरा मठ. सहाव्या शतकातला, १५ फेब्रुवारी १९४४ ला बॉम्ब टाकून भुईसपाट केलेला, मग होता तसाच परत बांधलेला. त्या डोंगरासाठी जानेवारी ते मे चार वेळा लढाई झाली, त्यात आपली चौथी इंडियन डिव्हिजन होती, गुरखे होते. खालचं शहरही तेव्हा उद्ध्वस्त झालं, आज दिसतं ते सगळं नंतरचं. मठाजवळ पोलिश सैनिकांची हजारावर थडगी आहेत, आणि शहराच्या उत्तरेला कायरा गावाजवळ जर्मनांची, वीस हजारांवर. सगळे एकाच डोंगराच्या आसपास झोपलेत. वरती मला जाता आलं नाही.

घरी आल्यावर शेजारच्या काकी एवढंच म्हणाल्या, "फूल तरी वाहायचंस रे." म्हणून दुसऱ्या खेपेला त्यांच्याच अंगणातली बकुळीची सुकलेली फुलं कागदाच्या पुडीत नेली, बकुळी सुकली तरी वास सोडत नाही.

या वेळी पॅनल नंबर, म्हणजे नाव कोणत्या दगडावर आहे तो आकडा, ही दफनभूमी सांभाळणाऱ्या वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवरून आधीच उतरवून नेला होता. दफनभूमीतच मधोमध लांबट तलाव आहे आणि दोन्ही बाजूंना हिरव्या संगमरवराचे उंच दगड, त्यांवर रेजिमेंटप्रमाणे रोमन अक्षरांत नावं. घाडगेंच्या नावावरून बोट फिरवलं, अक्षरं खोल आहेत, नखाला खाच लागते. दगड उन्हाने तापला होता. पुडी सोडून फुलं पायथ्याशी ठेवली, मोठ्याने म्हणालो, "माणगावाहून आलोय." आजूबाजूला कोणी नव्हतं. व्हिजिटर बुकात मराठीतच लिहिलं, खाली जिल्हा रायगड.

ते जिथे लढले त्या बाजूला मोंतोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारलंय. ते अजून बघायचंय, पण बंदरापासून लांब पडतं, बोटीवरून जमणार नाही, सुट्टी काढूनच जावं लागेल.

तुमच्यापैकी कोणाची बोट नेपल्सला लागली तर नक्की जा, आणि पॅनल नंबर आधी लिहून घ्या, नाहीतर माझ्यासारखं रिकाम्या हाताने परत यावं लागेल. फुलं हवी असतील तर काकींकडे आहेत, विचारा.